कॉलेज रोडवरची मॉनिटरिंगवाली एजन्सी: सात महिने, एक लाख ऐंशी हजार आणि लाल रंगाचा डबा

आधीच सांगते, प्रोजेक्टने काही फरक पडला का ते मोजून देणाऱ्या ह्या एजन्सीचं नाव लिहिणार नाहीये. चांगलं पण लिहायचंय आणि बोंबलायचं पण आहे, आणि नाशिक एवढंसं आहे की संध्याकाळपर्यंत फोन येईल. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी भेटल्यावर विचारा, तोंडी सांगेन.

आमची छोटी संस्था, दहा-अकरा माणसं. काम दोन ठिकाणी. एक सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात, जिथं पाऊस म्हणजे न सांगता येणारा आणि न जेवता जाणारा पाहुणा. दुसरं पेठच्या पाड्यांवर, जिथं जुलैत आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत आणि एप्रिल लागला की बायका हंडे घेऊन झऱ्यावर रांगेत. काम काय, तर गावाने बसून पाण्याचा ताळेबंद मांडायचा, पाऊस किती झाला, विहिरीत किती राहिलं, मग रब्बीला काय पेरायचं ते ठरवायचं. आणि हे आम्ही नसताना पण चालू राहतं का, त्याचा अभ्यास. म्हणजे काम कम संशोधन, सोबतीला एक कॉलेज होतं आणि पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपनीने समाजकामासाठी दिलेला. मे २०१९ मध्ये बेसलाइन, म्हणजे सुरुवातीची पाहणी झाली, २०२० मध्ये मधली पाहणी आणि २०२२ मध्ये शेवटची, असं लॉगफ्रेममध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्याच्या तक्त्यात, सुरेख चौकटीत लिहिलेलं. मग २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि ती चौकट तशीच राहिली.

मधली पाहणी झालीच नाही. फंडर म्हणाले फोनवर करा, आम्ही घरी बसून जमेल तसे फोन केले, कोणी उचलले कोणी नाही, एक्सेलमध्ये काहीतरी भरलं आणि पाठवून दिलं. खरं सांगायचं तर तेव्हा कोणाला मोजमापाची पडली नव्हती, अर्धी टीम किराणा वाटपात होती. २०२२ उजाडलं आणि मेल आला, एन्डलाइन, म्हणजे ती शेवटची पाहणी, कधी करताय. तेव्हा घाम फुटला आणि आम्ही एजन्सी शोधायला लागलो.

एक गोष्ट कळली, या धंद्यात आता गर्दी झालीये. जानेवारी २०२१ मध्ये सीएसआरचे नियम बदलले, ज्या कंपनीचं सीएसआर सरासरी १० कोटी किंवा जास्त आहे तिने १ कोटी आणि वरच्या प्रोजेक्टचं बाहेरच्या माणसाकडून इम्पॅक्ट असेसमेंट, म्हणजे परिणामाची तपासणी करून घ्यायची, असं आलं. त्यानंतर जो तो इम्पॅक्टवाला. आम्ही तीन ठिकाणी कोटेशन मागितलं. मुंबईच्या एकाने झूमवर चाळीस मिनिटं मूल्यमापनाचे सहा निकष समजावले, ते ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचे, सुसंगती, परिणामकारकता, कार्यक्षमता वगैरे. आम्हाला ते पाठ आहेत हो, आमची अडचण वेगळीच होती. पुण्याच्या एकाने फी अशी सांगितली की त्यात आमच्या दोन पोरांचा वर्षाचा पगार निघाला असता. तिसरी ही कॉलेज रोडची, झेरॉक्सच्या दुकानावर दुसरा मजला, लिफ्ट नाही, पार्किंगचं तर विचारूच नका. गाडी मी दर वेळी लांब गल्लीत लावून चालत आले आणि तरी एकदा टोइंगवाल्यांनी उचललीच.

ऑफिसात दोनच माणसं कायमची. एक ताई, पन्नाशीच्या, पूर्वी बरीच वर्षं फील्डवर काढलेल्या, आणि एक पोरगा, कॉम्प्युटरचं सगळं तो बघतो. बाकी कामापुरते येणारे जाणारे. चहा मात्र उत्तम, गवती चहा घातलेला.

पहिल्या मीटिंगला मी आमचा बेसलाइनचा फॉर्म घेऊन गेले होते, ११४ प्रश्न. मला वाटलं त्या म्हणतील वा. त्यांनी पेन घेतलं आणि एकेका प्रश्नाला विचारायला लागल्या, हे उत्तर आलं तर तुम्ही काय वेगळं करणार? घरात टीव्ही आहे का, ह्याचं काय करणार? गप्प. चपला किती जोड? गप्प. हा प्रश्न आमच्याकडे कुठून आला हेच कोणाला आठवेना, कुठल्यातरी जुन्या फॉर्मवरून उतरत उतरत आला असणार. दोन तासांनी ३१ प्रश्न उरले. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाल्या, "अगं वाईट नको वाटून घेऊ, सगळ्यांचं असंच असतं. लोकांचा वेळ आपण फुकटचा समजतो ना." तिथंच मला बाई पटल्या.

पण खरी गोष्ट पुढच्या मीटिंगला झाली. आमचं एक ठळक इंडिकेटर, म्हणजे बदल मोजायची खूण होती, स्थलांतराचे दिवस. पेठच्या पाड्यांवरची माणसं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात, छाटणी, विरळणी, डिपिंग, मग तोडणी, काही गुजरातेकडे जातात. बेसलाइनला घरटी बरेच दिवस बाहेर असायचे आणि आमच्या फोनवाल्या आकड्यांत ते एकदम निम्म्यावर. आम्ही तर स्लाइड पण करून ठेवली होती, स्थलांतर घटलं, खाली हिरवा बाण, बाजूला हसऱ्या बाईचा फोटो. ताईंनी स्लाइड बघितली, चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "घटलं, का बंद पडलं?"

मग ट्यूब पेटली. लॉकडाऊन लागला तेव्हा बागा ऐन तोडणीत होत्या, गाड्या बंद, मार्केट बंद, कितीतरी बागायतदारांनी माल बेदाण्याकडे वळवला, मजूर चालत घरी आले आणि पुढचे किती महिने परत गेलेच नाहीत. म्हणजे जे आम्ही यश म्हणून दाखवायला निघालो होतो ती त्या माणसांची उपासमारीची वेळ होती. आणि स्लाइडवर हसरी बाई. मला अजून लाज वाटते. ती स्लाइड फंडरला गेली असती तर त्यांनी पण टाळ्या वाजवल्या असत्या, कारण त्यांच्याकडे बसून आकडा बरोबरच दिसतो.

आणि हे एवढ्यावर थांबलं नाही. त्यांनी बेसलाइनची तारीख बघितली, मे २०१९. म्हणाल्या त्याच्या आधीचा पाऊस आठव. २०१८ चा दुष्काळ! ऑक्टोबर अखेरीला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता, सिन्नर त्यात होताच. म्हणजे आम्ही विहिरी मोजल्या त्या तळाला गेलेल्या असताना. त्यानंतर कधीही मोजलं तरी पाणी वाढलेलंच दिसणार, आम्ही काही केलं काय न केलं काय. दोनच महिन्यांनी ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला असा पूर आला की नदीपात्रातला दुतोंड्या मारुती दिसेनासा झाला. नाशिककराला वेगळा इंडिकेटर लागतच नाही म्हणा, पाणी मारुतीच्या गुडघ्याला का छातीला एवढं कळलं की पूर कळतो, शंभर जणांना विचारा सगळे एकच सांगतील. आमचे ११४ प्रश्न मिळून पण एवढं स्वच्छ उत्तर देत नव्हते.

तर एजन्सीचं पहिलं आणि माझ्या मते सगळ्यात मोठं काम हे, की त्यांनी आम्हाला सांगितलं, तोच फॉर्म घेऊन तीच घरं परत करून काहीही सिद्ध होणार नाही. आणि हे नुसतं आम्हाला नाही, फंडरच्या माणसाला पण कॉलवर तोंडावर सांगितलं. तो आधी नाराज झाला, मग म्हणाला लिहून द्या, त्यांनी चार पानांत साध्या भाषेत लिहून दिलं आणि एन्डलाइन वर्षभर पुढं ढकलून मिळाली. ह्या चार पानांसाठीच निम्मी फी वसूल झाली असं मी समजते.

मग गेलेल्या तीन वर्षांचं काय? ते आठवणीतून भरायचं ठरलं, पण आठवणीतून म्हणजे २०२० मध्ये तुम्ही काय पेरलं होतं असं विचारून नाही. त्यांनी गावात बसून आधी एक खुणेचं कॅलेंडर केलं. सिन्नरकडे कोणी २०१९ म्हणत नाही, दिवाळीत पाऊस धो धो पडला आणि कांदा शेतात सडला ते साल म्हणतात. मग कांद्याच्या निर्यातीवर नवीन बंदी आली ते साल, म्हणजे सप्टेंबर २०२०, आदल्या सप्टेंबरला पण होतीच. पेठेत खुणा वेगळ्या, बागेतून चालत आलो ते वर्ष, पोरगा टेकाडावर बसून ऑनलाइन शाळा करायचा ते वर्ष. ह्या खुणांना धरून विचारलं की माणसं बरोबर सांगतात, त्या साली विहिरीला पाणी कधीपर्यंत पुरलं, टँकर कुठल्या सणाच्या पुढेमागे लागला. शिमग्याला का अक्षय तृतीयेला. दोघी जावांनी एकाच विहिरीबद्दल वेगवेगळं सांगितलं तर दोघींना समोरासमोर बसवायचं, त्या भांडून आपोआप बरोबर महिना काढतात. हे मी डोळ्याने बघितलंय.

आणि ह्याच चर्चेत उत्पन्न हा इंडिकेटर आम्ही काढून टाकला. कांद्याचा भाव लासलगावला काय निघतो आणि दिल्लीत काय ठरतं ह्यावर ज्याचं उत्पन्न, त्याच्या खिशातले पैसे मोजून आमचं पाण्याचं काम कसं कळणार. त्याऐवजी साधं घेतलं, बैठकीत गावाने जे पीक ठरवलं तेच शेतात किती जणांनी पेरलं. हे मोजायला सोपं आणि टोचणारं पण, कारण पहिल्याच वर्षी कळलं की बैठकीत हरभरा म्हणणारे सगळ्यात पुढचे दोघं-तिघं घरी जाऊन कांदाच लावतात. त्यात सरपंच पण होते, असो.

आता विहिरींचं. इथं जरा लांबण लावते कारण लाल डबा इथलाच.

आमची पोरं तीन वर्षं विहिरी मोजत होती, जमेल तेव्हा. टेपला वजन बांधायचं, सोडायचं, पाण्याला लागलं की आकडा घ्यायचा, सोपं. ताई आमच्याबरोबर पहिल्यांदा आल्या तेव्हा एका विहिरीवर आमच्या पोराने आणि गावातल्या एका काकांनी पाठोपाठ मोजलं आणि दोघांत अडीच फुटाचा फरक. पोरगा म्हणे काकांचं चुकलं, काका म्हणे मी चाळीस वर्षं ह्या विहिरीत उतरतोय. दोघांचंही बरोबर होतं. पोरगा टेप कठड्यावरून सोडत होता आणि काका जमिनीपासून धरत होते, कठडा अडीच फुटाचा. मग जुनी वही काढली, तर आमच्याच तीन पोरांनी तीन तऱ्हेने मोजलेलं, कोणी कठड्याच्या वरून, कोणी जिथं कठडा फुटलाय तिथून, एकाने तर पायरीवर उभं राहून. त्याहून कहर म्हणजे वेळ. कोणी सकाळी मोजलंय, कोणी दुपारी मोटर नुकती बंद झाल्यावर, तेव्हा पाणी खाली गेलेलंच असणार की, ते परत भरून यायला वेळ लागतो. म्हणजे आमची वही होती ती विहिरीची नव्हतीच, मोटरच्या टायमिंगची होती!

ताईंनी तिथल्या तिथं गावातल्या दुकानातून लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश आणायला लावला. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एका जागी बोटभर पट्टी मारली, शेजारी कठड्याची उंची लिहिली. नियम दोनच, टेप लाल पट्टीवरूनच सोडायचा आणि सकाळी मोटर सुरू व्हायच्या आत. लाइट रात्रीची असेल त्या आठवड्यात वहीत तसं लिहायचं. आणि मोजणार आमची पोरं नाहीत, ज्याची विहीर त्याच्या घरातली एक मुलगी किंवा मुलगा. म्हणजे उद्या परत कुठला लॉकडाऊन लागला, पूर आला, आमचा निधी संपला, तरी वही भरत राहणार. आपण फील्डवर जाऊ शकलो नाही की सगळं मोजमाप बंद पडतं ही त्या दोन वर्षांतली खरी गोम होती, आणि त्याच्यावर ऑफिसात बसून करायचा उपाय नाहीच मुळी.

ताळा कशाशी लावायचा हे पण त्यांनीच दाखवलं. राज्याची भूजल यंत्रणा आपल्या ठरलेल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, तर आम्ही जिथं काही काम केलं नाही अशा आसपासच्या विहिरी घ्यायच्या आणि आपल्या शेजारी ठेवायच्या. पाऊस चांगला झाला तर दोन्हीकडे पाणी वाढणार, आपल्याकडे जास्त टिकलं तरच आपलं काम. असं लावल्यावर आमच्या निम्म्या विहिरींत फरक दिसेनासा झाला. वाईट वाटलं, पण ज्या उरल्या त्यांच्याबद्दल आता मी छाती ठोकून बोलू शकते.

गावात एका ठिकाणी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर काळा पट्टा रंगवून खडूने दर महिन्याचा आकडा लिहायला सुरुवात झाली. तिथं म्हातारे उभे राहून वाद घालतात, फूट कशाला लिहिता, परस ह्या जुन्या मापात लिहा म्हणून. मग दोन्ही लिहायला लागले.

आता तक्रारी.

पहिली तक्रार सॅटेलाइटची. एजन्सीतला कॉम्प्युटरवाला पोरगा हुशार आहे, पण त्याला त्याचं भारी कौतुक. कोटेशनमध्ये लिहिलं होतं की उपग्रहाच्या फोटोंवरून पिकाखालचं क्षेत्र आणि पाणी दोन्ही घरबसल्या कळेल, फील्ड व्हिजिट कमी होतील. युरोपचे ते सेंटिनेल-२ उपग्रह आहेत, फोटो फुकट मिळतात, साधारण दर पाच दिवसांनी. एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ एक गुंठा. सिन्नरच्या रब्बीला हे झकास चालतं, आभाळ मोकळं, शेतं मोठी, कुठं हिरवं कुठं पडीक लगेच दिसतं. पण पेठेत? जून ते सप्टेंबर वरून नुसते ढग दिसतात. आणि नागली-वरईची खाचरं उतारावर अशी वेडीवाकडी, बांधावर झाडं, एका ठिपक्यात नागली पण, बांध पण, गवत पण. तिथल्या खरिपाचा त्याने जो नकाशा दिला तो गावात दाखवला तर एक आजी म्हणाल्या हे आमचं गाव नाहीच. ढगातून बघणारा रडारवाला पण उपग्रह असतो, तो म्हणाला ते करू, त्याचे पैसे वेगळे. नको म्हटलं.

त्याहून मोठी गंमत शेततळ्यांची. नकाशात सिन्नरला पाण्याचे ठिपके वाढलेले दिसले, रिपोर्टच्या पहिल्या मसुद्यात लगेच आलं, जलसाठ्यात वाढ. मी म्हटलं थांबा. ती प्लॅस्टिकचा कागद टाकलेली शेततळी आहेत, त्यात पावसाचं पाणी थोडं आणि विहिरीतून उपसून भरलेलं जास्त, उन्हाळ्यात डाळिंबाला द्यायला. म्हणजे जमिनीतलं पाणी वर काढून उन्हात ठेवलंय आणि वरून बघणारा म्हणतोय पाणी वाढलं. परत तोच हिरवा बाण! ताईंनी मसुदा न वाचता पाठवला होता हे त्यांनी कबूल केलं, दुरुस्त पण केलं, पण हे मी बघितलं नसतं तर गेलंच होतं. तेव्हा रिपोर्ट आला की ओळ न ओळ स्वतः वाचा, एजन्सी कितीही चांगली असो.

दुसरी तक्रार फोनची, आणि ही मला जास्त लागली. दर तीन महिन्यांनी चाळीस घरांना फोन करायचे असं पॅकेजमध्ये होतं, पूर्ण झालेल्या कॉलप्रमाणे बिल. फोन करणाऱ्या मुली शहरातल्या, बोलायला गोड, पण पेठेकडची बोली कोकणा, त्यांना काही कळेना आणि समोरच्याला ह्यांचं प्रमाण मराठी कळेना. पहिल्या फेरीचा डेटा उघडला तर जवळपास सगळी उत्तरं पुरुषांची. पाणी भरतात बायका आणि पाण्याला किती वेळ लागतो ते सांगतोय नवरा, म्हणे दहा मिनिटं! फोन नवऱ्याच्या खिशात असतो, नाहीतर पोराकडे, रिचार्ज संपलेला असतो, रेंज टेकाडावर गेल्याशिवाय नाही. मी एक रेकॉर्डिंग ऐकलं, बाई उत्तर देतीये आणि मागून सासरा प्रत्येक उत्तर सांगतोय, मोठ्याने सांग, तीनदा म्हण. तो कॉल पूर्ण झालेला म्हणून बिलात.

ह्यावर मी भांडले. दोन आठवडे ताईंनी फोन उचलले नाहीत नीट, मग एकदा स्वतः आल्या आणि बदल केले. फोन करायला पेठेचीच एक बारावी झालेली मुलगी घेतली. वेळ संध्याकाळी जेवणं झाल्यावर. नंबरवर मिसकॉल द्यायचा, आम्ही फोन करतो, म्हणजे रिचार्जचा प्रश्न नाही. प्रश्न सहाच. आणि हो-नाहीत उत्तर देता येईल असे, म्हणजे शेजारी कोणी बसलं असलं तरी बाईला बोलता येतं. बायकांची उत्तरं वाढली, पण पहिल्या फेरीचे पैसे काही परत मिळाले नाहीत. आणि आधी परवानगी विचारायची, रेकॉर्ड होतंय ते सांगायचं, हे पहिल्या फेरीत झालंच नव्हतं. २०२३ मध्ये डेटा संरक्षणाचा कायदा आला, आता तर कोणीच हे अंगावर घेऊ नये.

आकडे स्क्रीनवर रंगांत दाखवणाऱ्या डॅशबोर्डबद्दल दोनच ओळी. दिसायला देखणा, फंडर खूश, गावातल्या एकाही माणसाने बघितलेला नाही. एक पाडा सलग दोन महिने लाल दिसत होता, मुंबईहून फोन आला की तिथं काय संकट आहे. संकट काही नव्हतं, तिथली वही भरणारी बाई बाळंत झाली होती.

फॉर्म भरायला त्यांनी कोबो नावाचं ॲप वापरायला शिकवलं, ते मात्र छान. फुकट आहे, एक्सेलमध्ये प्रश्न लिहायचे, मराठीत पण होतं, नेटवर्क नसलं तरी भरता येतं आणि रेंजमध्ये आलं की पाठवायचं. आमच्या पोरांना दीड दिवसात जमलं. हे शिकायला एजन्सीच लागते असं नाही, बसलात तर स्वतः होईल.

अजून एक आवडलेलं. दर तिमाहीला गावात बसून एकच प्रश्न, गेल्या तीन महिन्यांत तुमच्या मते सगळ्यात मोठा बदल कुठला आणि का. लोक गोष्टी सांगतात, मग त्यातली कुठली महत्त्वाची ते लोकच ठरवतात. रिक डेव्हिस नावाच्या माणसाने १९९० च्या दशकात बांगलादेशात ही पद्धत बसवली, ताईंनी सांगितलं. मला आधी वाटलं गप्पांचा कार्यक्रम. पण एका पाड्यावर बायकांनी निवडलेला बदल काय, तर झऱ्याला कुंड बांधल्यापासून पहाटे अंधारात जावं लागत नाही, उजाडल्यावर गेलं तरी पाणी असतं. आमच्या ११४ प्रश्नांत पण नव्हतं आणि ३१ मध्ये पण नव्हतं. अंधार हा इंडिकेटर कोणाला सुचला असता? आता फॉर्मात आहे, पाण्याला निघता तेव्हा उजाडलेलं असतं का.

पैशाचं म्हणाल तर सात महिन्यांचे १,८०,००० ठरले, निम्मे आधी. वर १८ टक्के जीएसटी, हे बोलण्यात नव्हतं, बिलात आलं, आधीच विचारून घ्या. गाडीखर्च वेगळा. सात महिन्यांचं काम साडेनऊ महिन्यांनी संपलं, त्यातला एक महिना आमच्यामुळे. शेवटचा रिपोर्ट इंग्रजीत ७० पानी आणि मराठीत ८ पानी, मराठीचं मागावं लागलं पण दिलं, आणि गावात वाचून दाखवायला ताई स्वतः आल्या, त्याचे पैसे लावले नाहीत.

पाचपैकी साडेतीन देईन. ताईंना पाच, सॅटेलाइटला दोन, फोनच्या पहिल्या फेरीला शून्य. ज्यांची २०१९ च्या आसपासची बेसलाइन आहे आणि त्याचं काय करायचं कळत नाहीये त्यांनी जरूर जा, पण करारात फोन आणि डॅशबोर्ड वेगळे काढायला सांगा. नुसता रिपोर्ट हवा असेल फाइलला लावायला, तर नका जाऊ, त्या प्रश्न विचारून डोकं खातील. शनिवारी दुपारी एकनंतर ऑफिस बंद असतं, मी दोनदा जिने चढून परत आलेय.

पुढच्या वर्षासाठी आम्ही फक्त विहिरींचं आणि तिमाही बैठकांचं घेतलंय. लाल पट्ट्या पावसाने बऱ्याच फिक्या झाल्यात, मे संपायच्या आत परत मारायच्या आहेत. डब्यातला उरलेला रंग बघितला तर वर साय धरलीये, नवीन डबा आणावा लागणार.